लिहिणारा एक, तपासणारा दुसरा : सॉफ्टवेअरमधील बदलांवर सही कोणाची?

भारतीय रिझर्व्ह बँकेने २४ एप्रिल २०२४ रोजी कोटक महिंद्रा बँकेवर दोन निर्बंध लादले. ऑनलाइन आणि मोबाइल माध्यमांतून नवे ग्राहक जोडण्यास, तसेच नवी क्रेडिट कार्डे देण्यास बँकेला तत्काळ मनाई करण्यात आली. विद्यमान ग्राहकांच्या सेवा मात्र सुरू राहिल्या. हे निर्बंध उठले १२ फेब्रुवारी २०२५ रोजी, म्हणजे सुमारे साडेनऊ महिन्यांनी.

या कारवाईमागे बुडीत कर्जे किंवा घोटाळ्याचा आरोप नव्हता. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांच्या माहिती तंत्रज्ञान तपासणीत गंभीर उणिवा आढळल्या आणि त्या वेळेत व पुरेशा प्रमाणात दूर झाल्या नाहीत, असे रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले होते. उणिवांच्या यादीत विदासुरक्षा, पुरवठादारांपासूनची जोखीम, आपत्तीनंतरची सज्जता यांच्या जोडीला दोन रुक्ष वाटणारे शब्दप्रयोग होते. एक, ‘पॅच व बदल व्यवस्थापन’. दुसरा, ‘वापरकर्ता प्रवेश व्यवस्थापन’.

साध्या भाषेत सांगायचे तर यांतून तीन प्रश्न उभे राहतात. बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल कोण करतो? तो कोणाच्या संमतीने प्रत्यक्ष वापरात येतो? आणि या सगळ्याची नोंद कुठे राहते? या तीन प्रश्नांची उत्तरे रोजच्या कामातच मिळत राहावीत, यासाठी उद्योगांत सॉफ्टवेअर विकासाचे भूमिकाधिष्ठित मंच वापरले जातात. त्यांची रचना, त्यांची उपयुक्तता आणि त्यांच्या मर्यादा समजून घेणे आता केवळ संगणक अभियंत्यांचे काम राहिलेले नाही. खात्यातील रक्कम, विमानाचे तिकीट आणि रुग्णालयातील नोंद या सर्वांचा भार याच रचनेवर आहे.

एका बदलाचा प्रवास

सॉफ्टवेअर एकदा तयार केले की काम संपले, असे होत नाही. गरज नोंदवणे, आराखडा करणे, कोड लिहिणे, चाचणी घेणे, प्रत्यक्ष वापरात आणणे आणि देखभाल करणे, असे त्याचे ढोबळ टप्पे आहेत. देखभाल करताना नवी गरज पुढे येते आणि चक्र पुन्हा सुरू होते. यालाच सॉफ्टवेअर विकासाचे जीवनचक्र म्हणतात.

उदाहरणादाखल एक काल्पनिक बदल घेऊ. एका बँकेला मोबाइल अ‍ॅपवरून दिवसभरात पाठवता येणाऱ्या रकमेची मर्यादा बदलायची आहे. व्यवसाय विभागातील जबाबदार व्यक्ती ही गरज मंचावर नोंदवते. त्या नोंदीला क्रमांक मिळतो. पुढे जे काही घडते, ते या क्रमांकाला जोडले जाते.

विकसक मूळ कोडची स्वतंत्र शाखा काढून तीत बदल करतो. मुख्य शाखेला, म्हणजे ज्यातून प्रत्यक्ष प्रणाली तयार होते त्या कोडला, त्याला थेट हात लावता येत नाही. काम झाल्यावर तो बदल सामावून घेण्याची विनंती नोंदवतो. मग स्वयंचलित चाचण्या चालतात. दुसरा विकसक कोड वाचून शेरे मारतो आणि पटल्यास मंजुरी देतो. चाचणी विभाग वेगळ्या, प्रायोगिक प्रणालीवर तो बदल तपासतो. सुरक्षा विभाग आपले मत नोंदवतो. शेवटी प्रकाशनाची जबाबदारी असलेली व्यक्ती बदल केव्हा आणि किती ग्राहकांपर्यंत न्यायचा, हे ठरवते. त्यानंतर सर्व्हरवर नवा कोड चढवण्याचे काम बहुधा माणूस करत नाही. ठरवून दिलेल्या क्रमाने यंत्रणाच ते करते.

या प्रवासात प्रत्येकाच्या हाती एकच किल्ली आहे. गरज मांडणाऱ्याला कोड बदलता येत नाही. कोड लिहिणाऱ्याला स्वतःच्या कामाला मंजुरी देता येत नाही. मंजुरी देणाऱ्याला चाचणीचा निकाल पुसता येत नाही. लेखापरीक्षकाला सर्व काही दिसते, पण काहीही बदलता येत नाही. कोणी, केव्हा, काय केले याची नोंद मंच आपोआप ठेवतो.

गिटहब, गिटलॅब, मायक्रोसॉफ्टचे अ‍ॅझ्युअर डेव्हऑप्स आणि अ‍ॅटलासियनचे जिरा ही या क्षेत्रातील परिचित नावे आहेत. काहींचा भर कोडवर आहे, काहींचा कामाच्या नोंदींवर. भूमिकांची कल्पना मात्र सर्वांत सारखीच आहे. गिटहबवर एखाद्या संस्थेच्या कोडभांडारासाठी केवळ वाचण्यापासून संपूर्ण प्रशासनापर्यंत पाच प्रमाणित भूमिका आहेत, आणि बदलाची विनंती करणाऱ्याला स्वतःच्याच विनंतीवर मंजुरीची मोहर उमटवता येत नाही.

अधिकार खुर्चीचा, व्यक्तीचा नव्हे

ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. बँकेच्या तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या धनादेशावर एकापेक्षा अधिक पदाधिकाऱ्यांच्या सह्या लागतात. भारतीय बँकांत ‘मेकर-चेकर’ हा शब्द शिपायापासून सरव्यवस्थापकापर्यंत सर्वांना ठाऊक असतो. नोंद करणारा एक आणि ती तपासून मान्य करणारा दुसरा, हा त्याचा अर्थ.

संगणकशास्त्रात या व्यवहारज्ञानाला शिस्तबद्ध रूप मिळाले ते १९७५ मध्ये. जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी संगणकातील माहितीच्या संरक्षणाविषयी लिहिलेल्या शोधनिबंधात काही मूलभूत तत्त्वे मांडली. त्यांपैकी दोन येथे महत्त्वाची आहेत. प्रत्येकाला कामापुरताच, किमान अधिकार द्यावा. आणि शक्य तेथे एका किल्लीऐवजी दोन किल्ल्यांचे कुलूप ठेवावे.

पुढचा टप्पा १९९२ मधला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेतील डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कुन यांनी भूमिकाधिष्ठित प्रवेशनियंत्रणाचे प्रारूप मांडले. तोवर अनेक ठिकाणी प्रत्येक कर्मचाऱ्याला प्रत्येक फाइलसाठी स्वतंत्र परवानगी द्यावी लागे. हजारो कर्मचारी आणि लाखो फाइली असलेल्या संस्थेत हा हिशेब ठेवणे अशक्यप्राय होते. फेरायोलो आणि कुन यांच्या प्रारूपात अधिकार व्यक्तीला न देता भूमिकेला दिला जातो आणि व्यक्तीला भूमिका दिली जाते. शाखा व्यवस्थापकाची बदली झाली की त्याचे अधिकार त्या खुर्चीवरच राहतात, तसेच हे. २००४ मध्ये या प्रारूपाला अमेरिकेत राष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

दोन भूमिका एकाच व्यक्तीकडे येऊ नयेत, अशी अट या प्रारूपात घालता येते. विकासमंचांच्या दृष्टीने हीच बाब कळीची ठरली. कोड लिहिणे आणि तो प्रत्यक्ष प्रणालीत सोडणे, ही दोन्ही कामे एकाच हाती असू नयेत, हा नियम सूचनाफलकावर लावण्याऐवजी प्रणालीतच बसवता येऊ लागला.

४५ मिनिटांची किंमत

दुसरा हात नसल्यास काय होते, याचे सर्वाधिक अभ्यासले गेलेले उदाहरण न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातले आहे. नाइट कॅपिटल ही तेव्हा अमेरिकेतील समभाग व्यवहारांत मोठा वाटा असलेली दलाली संस्था होती. न्यूयॉर्क शेअर बाजाराची किरकोळ गुंतवणूकदारांसाठीची नवी योजना १ ऑगस्ट २०१२ रोजी सुरू होणार होती. त्यासाठी लिहिलेला कोड नाइटने २७ जुलैपासून टप्प्याटप्प्याने आपल्या सर्व्हरवर चढवायला घेतला.

असे आठ सर्व्हर होते. तंत्रज्ञाने सातांवर नवा कोड चढवला, आठवा राहून गेला. अमेरिकी बाजार नियामकाच्या ऑक्टोबर २०१३ च्या आदेशानुसार या कामाची फेरतपासणी दुसऱ्या तंत्रज्ञाने केली नव्हती, आणि तशी तपासणी बंधनकारक करणारी लेखी पद्धतही कंपनीत नव्हती.

आठव्या सर्व्हरवर एक जुना कार्यक्रम तसाच पडून होता. २००३ पासून कोणी तो वापरत नव्हते, पण तो काढून टाकलेलाही नव्हता. नव्या कोडने नेमका तोच जुना संकेत नव्या कामासाठी वापरला. १ ऑगस्टच्या सकाळी बाजार उघडताच आठव्या सर्व्हरवर तो निद्रिस्त कार्यक्रम जागा झाला आणि थांबण्याची खूण न मिळाल्याने खरेदी-विक्रीच्या मागण्या सोडत राहिला. ग्राहकांच्या अवघ्या २१२ मागण्यांपोटी सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले. १५४ कंपन्यांच्या ३९ कोटी ७० लाखांहून अधिक समभागांची उलाढाल झाली. कंपनीचे नुकसान ४६ कोटी डॉलरच्या वर गेले.

या प्रकरणातील दोन तपशील विशेष बोलके आहेत. बाजार उघडण्यापूर्वी, सकाळी आठनंतर, कंपनीच्या प्रणालीने कर्मचाऱ्यांच्या गटाला त्रुटीचा उल्लेख असलेले ९७ ईमेल पाठवले होते. ते वाचून कृती करण्याची जबाबदारी कोणत्याही भूमिकेकडे नव्हती, त्यामुळे ते तसेच पडून राहिले. दुसरा तपशील त्याहून क्लेशकारक आहे. गोंधळ आवरण्याच्या प्रयत्नात तंत्रज्ञांनी उरलेल्या सात सर्व्हरवरील नवा, म्हणजे योग्य कोड काढून टाकला. परिणामी जुना कार्यक्रम त्या सातांवरही सुरू झाला. संकटकाळी निर्णय कोणी घ्यायचा आणि तो कोणी तपासायचा, हे आधी ठरलेले नसले की उपायच अपाय ठरतो.

नियामकाने नाइटला १ कोटी २० लाख डॉलरचा दंड केला. त्याआधीच, २०१३ मध्ये, कंपनी दुसऱ्या संस्थेत विलीन होऊन तिचे स्वतंत्र अस्तित्व संपले होते.

आज प्रचलित असलेल्या मंचावर हीच साखळी अनेक ठिकाणी अडली असती. आठही सर्व्हरवर एकच आवृत्ती आहे की नाही, हे यंत्रणेने मोजले असते. दुसऱ्या व्यक्तीच्या मंजुरीशिवाय काम पूर्ण झाल्याची नोंद झाली नसती. मात्र तशी अडवणूक मंचात कोणीतरी आधी बसवलेली असावी लागते.

लहानसा बदल आणि मोठा खोळंबा

१९ जुलै २०२४ रोजी, भारतीय प्रमाणवेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी, सायबर सुरक्षा क्षेत्रातील क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीने विंडोज संगणकांसाठी एक अद्यतन पाठवले. त्यातील दोषामुळे जगभरातील संगणक निळ्या पडद्यावर अडकले. कंपनीने ७८ मिनिटांत अद्यतन मागे घेतले, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक बाधित झाले होते. भारतात अनेक विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. बँकिंग क्षेत्रावर परिणाम मर्यादित राहिला. दहा बँका व बँकेतर वित्तीय संस्थांच्या कामात किरकोळ व्यत्यय आल्याचे रिझर्व्ह बँकेने त्या दिवशी सांगितले.

क्राउडस्ट्राइककडे चाचणीची व्यवस्था होती. कंपनीच्या मूळ सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या टप्प्याटप्प्याने जात आणि त्या केव्हा घ्यायच्या हे ग्राहकाला ठरवता येई. पण त्या दिवशी पाठवलेली वस्तू आवृत्ती नव्हती. नवे धोके ओळखण्यासाठीची ती माहितीफाइल होती, आणि अशा फाइली एकाच वेळी सर्वांना पाठवल्या जात. फाइल तपासणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेतच दोष असल्याने चूक नजरेतून सुटली. पुढे कंपनीने अशा फाइलीही टप्प्याटप्प्याने पाठवण्याचे आणि त्यावर ग्राहकांना नियंत्रण देण्याचे जाहीर केले.

यातून मिळणारा धडा असा की मोठ्या बदलांना कडक तपासणी आणि ‘किरकोळ’ बदलांना मोकळी वाट, ही विभागणी फसवी असते. संगणकाच्या दृष्टीने किरकोळ काहीच नसते. मुख्य दाराला तीन कुलपे लावून परसदार उघडे ठेवण्याची सवय अनेक संस्थांना असते. मंचाची रचना करताना पहिला प्रश्न हा असावा लागतो : या दाराखेरीज प्रत्यक्ष प्रणालीत शिरण्याच्या आणखी किती वाटा आहेत?

मंच बनवणाऱ्यांनाही ठेच

ही परसदाराची वाट खुद्द गिटलॅबलाही भोवली. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिचा एक अभियंता विदासंचातील बिघाड दुरुस्त करत होता. दुय्यम सर्व्हरवरील माहिती पुसण्याची आज्ञा त्याने अनवधानाने मुख्य सर्व्हरवर दिली. चूक काही क्षणांतच ध्यानात आली, पण सुमारे ३०० गिगाबाइट माहिती तोवर गेली होती. राखीव प्रती घेण्याच्या अनेक व्यवस्था होत्या. त्यांतील बहुतेक चालतच नसल्याचे त्या रात्री उघड झाले. योगायोगाने सुमारे सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत हाती लागली आणि सेवा पूर्ववत झाली. त्या मधल्या काळातील सुमारे पाच हजार प्रकल्पांची, पाच हजार शेऱ्यांची आणि सातशे नव्या खात्यांची नोंद मात्र कायमची गेली.

कंपनीने दुरुस्तीचे काम सर्वांसमक्ष, थेट प्रक्षेपणातून केले आणि नंतर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. अहवालाचा रोख अभियंत्यावर नव्हता. राखीव प्रतींची जबाबदारी निश्चितपणे कोणाकडेच नव्हती, हे कंपनीने मान्य केले. भूमिका ठरवण्याचा अर्थ केवळ अधिकार वाटणे असा नाही, उत्तरदायित्व वाटणे हाही आहे. ज्या कामाला धनी नाही, ते काम होत नाही.

नियामकांच्या अपेक्षा

भारतात बँकांसाठीचे नियम गेल्या दीड दशकात क्रमाक्रमाने कडक झाले. जी. गोपालकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाच्या शिफारशींवर आधारित मार्गदर्शक तत्त्वे रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०११ मध्ये जारी केली. डिसेंबर २०२० मध्ये, सेवा वारंवार खंडित झाल्यानंतर, एचडीएफसी बँकेच्या नव्या डिजिटल उपक्रमांना आणि नव्या क्रेडिट कार्डांना तात्पुरती मनाई झाली. ती मार्च २०२२ मध्ये पूर्णपणे उठली. नोव्हेंबर २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान प्रशासन, जोखीम व नियंत्रण यांविषयीचे व्यापक निर्देश जारी झाले आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले.

या निर्देशांचा आपल्या विषयाशी असलेला संबंध थेट आहे. प्रवेशाचा अधिकार गरजेपुरता असावा. विशेषाधिकार असलेल्या कर्मचाऱ्यांवर बारीक देखरेख असावी, त्यांच्या प्रत्येक कृतीची नोंद व्हावी आणि तिचा ठरावीक काळाने आढावा घेतला जावा. प्रणालीतील बदल आवश्यक त्या मंजुरीनेच व्हावेत आणि बदल फसल्यास पूर्वस्थितीला परतण्याची सोय असावी. अंतिम जबाबदारी संचालक मंडळापर्यंत जाते.

बँकांबाहेरच्या संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. सायबर घटनांवर लक्ष ठेवणाऱ्या ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार संगणकप्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवणे आणि ठरावीक प्रकारच्या घटना सहा तासांत कळवणे आवश्यक आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये पुरेशी सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कोणाला काय दिसत होते आणि कोणी काय बदलले, हे सिद्ध करता येणे ही आता कायदेशीर गरज बनली आहे.

कागदावरच्या भूमिका

मंच विकत घेतला म्हणजे शिस्त आली, असे मानणाऱ्यांची निराशा होते. अशा मंचांवर काही दोष पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिला दोष साचत जाणाऱ्या अधिकारांचा. कर्मचारी एका चमूतून दुसऱ्यात जातो, नवी भूमिका मिळते, पण जुनी काढून घेतली जात नाही. पाच-सहा वर्षांनी त्याच्या खिशात निम्म्या संस्थेच्या किल्ल्या जमा झालेल्या असतात. नोकरी सोडून गेलेल्यांची चालू राहिलेली खाती हा याचाच अधिक घातक प्रकार.

दुसरा दोष सामायिक खात्याचा. ‘अ‍ॅडमिन’ नावाचे एकच खाते चौघे वापरतात, तेव्हा नोंदवहीत नाव दिसते पण माणूस दिसत नाही. अशा ठिकाणी कुंपणच शेत खाऊ लागले तरी पत्ता लागत नाही.

तिसरा दोष अंगठ्याच्या मंजुरीचा. दुसऱ्याची सही हवी म्हणून सहकारी न वाचताच मंजुरीचे बटण दाबतो, उद्या तोच उपकार परत मिळतो. मंचाच्या लेखी नियम पाळला गेला, प्रत्यक्षात एकाच डोळ्याने काम पाहिले. कामाचा ताण आणि मुदतीची घाई यांमुळे हा दोष वाढतो. त्यावर तांत्रिक उपाय अपुरे पडतात. तपासणीसाठी वेळ देणे आणि ‘हे मला पटले नाही’ असे म्हणणाऱ्याला संरक्षण देणे, हे व्यवस्थापनाचे काम आहे.

चौथा दोष नेमका उलट टोकाचा. प्रत्येक बारीक गोष्टीला सहा सह्या लागल्या की लोक आडवाटा शोधतात. मध्यरात्री सेवा बंद पडली असताना मंजुरी देणारा झोपलेला असेल, तर कोणीतरी मास्टर किल्ली वापरणारच. म्हणून सुजाण संस्था आणीबाणीची वाट स्वतःच आखून ठेवतात. काही तासांपुरता विशेष अधिकार, तो घेताच वरिष्ठांना सूचना, आणि दुसऱ्या दिवशी त्या काळातील प्रत्येक कृतीची तपासणी.

दहा जणांच्या चमूने काय करावे?

बँकेकडे शेकडो अभियंते असतात. पुण्यातील, इंदूरमधील किंवा हैदराबादमधील एखाद्या लहान कंपनीत मात्र कोड लिहिणारा, तपासणारा आणि सर्व्हर सांभाळणारा एकच असतो. इतक्या भूमिका आणायच्या कोठून, असा प्रश्न तेथे रास्त ठरतो.

लहान चमूला सगळे काही करण्याची गरज नाही. मुख्य कोडशाखेत थेट बदल बंद करणे, प्रत्येक बदलावर आणखी एका व्यक्तीची नजर बंधनकारक करणे, ग्राहकांच्या माहितीचा विदासंच विकसकांच्या रोजच्या खात्यांपासून वेगळा ठेवणे आणि कर्मचारी सोडून जाईल त्याच दिवशी त्याचे प्रवेश बंद करणे, एवढ्या चार गोष्टींनी जोखीम बरीच कमी होते. यासाठीच्या प्राथमिक सोयी प्रचलित मंचांवर उपलब्ध असतात. खर्च पैशापेक्षा सवयीचा जास्त आहे. मोठ्या कंपन्यांना सेवा पुरवणाऱ्या लहान संस्थांकडे आता अशा व्यवस्थेचा पुरावाही मागितला जातो, कारण नियामकांची विचारणा पुरवठादारांपर्यंत पोहोचते.

यंत्रांनाही भूमिका

आजवरची चर्चा माणसांच्या भूमिकांची होती. विकासमंचावर काम करणारे बरेचसे हात मात्र यंत्रांचे असतात. कोड जुळवणारी, चाचणी घेणारी, सर्व्हरवर चढवणारी स्वयंचलित साखळी स्वतःच्या खात्याने काम करते आणि तिचे अधिकार अनेकदा कोणत्याही अभियंत्यापेक्षा मोठे असतात. डिसेंबर २०२० मध्ये उघड झालेल्या सोलरविंड्स प्रकरणात हल्लेखोरांनी नेमकी हीच जागा हेरली. त्यांनी कंपनीच्या कोड जुळवणाऱ्या यंत्रणेत शिरकाव करून अधिकृत अद्यतनातच घातक भाग मिसळला. ते अद्यतन सुमारे १८ हजार ग्राहकांपर्यंत गेले. त्यावर कंपनीची अधिकृत डिजिटल सही होती. विकसक आणि तपासनीस यांच्या भूमिका काटेकोर असूनही साखळीतल्या यंत्रावर पहारा नसेल तर काय होते, हे त्यातून दिसले.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे कोडसहायक आल्यापासून हा प्रश्न आणखी तातडीचा झाला आहे. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या मंचावरील अशा सहायकाने बदल न करण्याची सूचना असतानाही एका ग्राहकाचा प्रत्यक्ष वापरातील विदासंच पुसून टाकला. कंपनीच्या प्रमुखांनी हे अस्वीकारार्ह असल्याचे जाहीरपणे मान्य केले आणि विकासाचा व प्रत्यक्ष वापराचा विदासंच आपोआप वेगळा ठेवण्याची व्यवस्था करत असल्याचे सांगितले. उपाय १९७५ मधल्या तत्त्वाइतकाच जुना आहे. कामापुरताच अधिकार द्यावा, मग काम करणारा माणूस असो वा यंत्र.

संचालकांनी विचारायचे तीन प्रश्न

अनेक संस्थांत हा विषय ‘तांत्रिक’ म्हणून संचालक मंडळाच्या बैठकीत येतच नाही, आला तर शेवटच्या पाच मिनिटांत. वस्तुतः त्याची परीक्षा घेण्यासाठी कोड वाचता येण्याची गरज नाही. तीन प्रश्न पुरेसे आहेत.

गेल्या महिन्यात प्रत्यक्ष प्रणालीत झालेला कोणताही एक बदल निवडा : तो कोणी मागितला, कोणी लिहिला, कोणी तपासला आणि कोणी सोडला, ही चार नावे दहा मिनिटांत दाखवता येतील का? आज एकट्याच्या बळावर संपूर्ण प्रणाली थांबवू किंवा पुसू शकतील, अशा व्यक्ती आणि यंत्रखाती किती आहेत? आणि गेल्या वर्षभरात तपासणाऱ्याने ‘नाही’ म्हणून परत पाठवलेले बदल किती?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शून्य आले, तर मंचावर दोन सह्या असूनही तपासणी एकानेही केलेली नाही, अशी शंका घेण्यास जागा आहे.